बेडूक सोडण्याचा समारंभ

ताईच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती. एक, तळ्यात उतरण्याआधी बूट औषधाच्या टबात बुडवणारी. आणि दुसरी, न बुडवणारी. दुसऱ्या प्रकाराबद्दल आपल्याला काय वाटतं हे ती कधी लपवत नसे, आणि पहिल्या प्रकारात तिच्या मते ती एकटीच होती.

सगळा विभाग तिला ताईच म्हणायचा. ती विद्यापीठात प्राणिशास्त्रात पीएचडी करत होती. करत होती म्हणजे करतच होती. तिच्या मागून आलेल्यांची पीएचडी झाली, लग्नं झाली, एकाला तर टक्कलही पडलं, पण ताई आपली तळ्यावरच. "तुझं ते बेडकांचं केव्हा आटपतंय गं?" असं आई फोनवर विचारायची, ते थेट आंघोळ आटपली का विचारावं तशा सुरात. ताई म्हणायची, "बेडकांना विचारून सांगते." मग आई मावशीच्या सुनेला काय झालं ते सांगायला लागायची आणि ताई फोन कानापासून लांब धरायची.

तळं शहराबाहेर होतं आणि दिसायला अगदी सामान्य होतं. एका काठाला लव्हाळा, दुसऱ्या काठाला चिखल. पण त्यात पिवळ्या पोटाचा बेडूक राहायचा. अंगठ्याएवढा जीव, वरून मातकट, कुणी वळूनही बघणार नाही असा. उलटा केला की पोटावर पिवळे डाग, आणि प्रत्येकाचे डाग वेगळे, माणसांचे चेहरे वेगळे असतात तसे. आसपासच्या साऱ्या तळ्यांमधून तो संपला होता. कातडीला बुरशी लागायची, कातडीतून श्वास घेता येईनासा व्हायचा आणि बेडूक पाय ताणून पाण्यावर तरंगायचा. ही बुरशी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात माणसांच्या बुटांना चिकटून जायची, नाहीतर बाहेरच्या बेडकांच्या अंगावरून. या एका तळ्यात ती अजून पोचली नव्हती. विभाग इथे ताईच्या मार्गदर्शक सरांच्याही सरांच्या काळापासून दर वर्षी बेडूक मोजत आला होता, आणि ते तसंच चालू राहावं म्हणून ताईने काठावर औषधाचा टब ठेवला होता आणि पाटी लावली होती: बूट बुडवा. बाहेरचा एकही जीव आत आणू नका.

पाटी वाचायची म्हणजे अक्षरओळख हवी, आणि विद्यार्थ्यांकडून ताईची तेवढीही अपेक्षा नव्हती.

या वर्षी तिच्या गळ्यात तीन पडले होते. नावं पाठ करण्याइतकी ही टिकायची नाहीत, अशा खात्रीने तिने पहिल्याच आठवड्यात त्यांना स्वतःची नावं दिली. एक होता रील, कारण त्याचा फोन त्याच्या हाताला उगवल्यासारखा होता आणि चिखलात पाय रुतला तरी तो आधी त्याचं चित्रण करायचा. एक होती शंका, जी दोन श्वासांच्या मध्येही प्रश्न विचारायची. तिसरा उशीर. त्याच्याबद्दल जास्त सांगायला नको.

"ताई, बेडकाला स्वतःच्या पोटावरचे डाग माहीत असतात का?" शंकाने एकदा विचारलं होतं.

"तुला तुझ्या डोक्यात काय आहे ते माहीत आहे का?" ताई म्हणाली. "प्रश्न तोंडात आला की आधी गिळायचा. मग परत आला तर परत गिळायचा. तरीही आला तर दुसऱ्या कुणाला तरी विचारायचा."

रील हसला. उशीर तेव्हा यायचाच होता.

त्या वर्षी तळ्याचा उथळ भाग लवकर आटला आणि बेडकांनी घातलेली अंडी उघड्यावर पडली. ती वाळून जाण्याआधी ताईने गोळा करून लॅबमध्ये आणली. मग काही महिने या तिघांनी पिल्लं वाढवली. रोज पाणी बदलायचं, पाला उकडून घालायचा, मेलेलं पिल्लू दिसलं की लगेच काढायचं. पाय फुटले, शेपट्या गेल्या, मग पोटांचे फोटो सुरू झाले: पिल्लू काचेच्या झाकणावर ठेवायचं, खालून फोटो घ्यायचा, डाग लक्षात ठेवायचे. तिघांनी पिल्लांना नावं दिली. नकाशा, बटण, शाईचा डाग, मामांची टोपी. ताईला हे कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "मांजरं पाळलीत का रे? ही उद्या तळ्यात जाणार, परवा त्यातली निम्मी साप खाणार. सापाला पण नाव विचारून ठेवा." तिघं माना खाली घालून उभी राहिली. नावं मात्र चालूच राहिली, फक्त हळू आवाजात.

पिल्लं तयार झाली. आता त्यांना टाकीत ठेवणं म्हणजे मारणं होतं, कारण जमिनीवर आलेल्या पिल्लांना जिवंत, हलतं, बारीक खाणं लागतं, आणि लॅबमध्ये तेवढे किडे कुठून आणणार? शिवाय बाहेर हवा ओली होती, सकाळी गवत भिजलेलं असायचं. सोडायचे दिवस हेच होते. हवा कोरडी पडली की सोडलेली पिल्लं काठावरच सुकून जाणार होती.

पण पिल्लं सोडायची होती अध्यक्षांनी. अध्यक्ष म्हणजे टाक्या आणि फिल्टर देणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष. त्यांनी तारीख दिली आणि पुढे ढकलली, कारण परदेशी जायचं होतं. दुसरी दिली आणि तीही ढकलली, कारण त्यांचा फोटोग्राफर परदेशी गेला होता. आता तिसरी तारीख ठरली होती.

ताई सरांच्या खोलीत गेली. सरांची खोली वातानुकूलित होती आणि भिंतीवर बेडकाचा इतका मोठा फोटो होता की खरा बेडूक बघून सर दचकले असते. तळ्यावरचे सगळे शोधनिबंध सरांच्या नावाने सुरू होत, आणि सरांचे बूट मात्र कित्येक वर्षांत ओले झालेले नव्हते. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"सर, टाकीत पिल्लं मरायला लागलीत. आज तीन काढली."

"अगं, दोन-चार दिवसांनी काय होतंय? बेडूक आहेत, भाजी नाही नासायला."

"भाजीच बरी सर. ती निदान फ्रिजमध्ये ठेवता येते."

सर हसले. त्यांना वाटलं विनोद आहे. "तुझा प्रबंध माझ्या टेबलावर आहे, बरं का," ते म्हणाले. "समारंभ एकदा छान पार पडला की निवांत बघतो. सही काय, पाच मिनिटांचं काम."

ताई दात-ओठ खात बाहेर आली. प्रबंध त्या टेबलावर मागच्या थंडीपासून पडला होता आणि त्यावर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ उमटलेलं तिने स्वतः पाहिलं होतं.

त्या संध्याकाळी तिने ठरवलं. समारंभाच्या दिवशी पहाटे आपण एकटीने पिल्लं तळ्यात सोडायची. आधी सोडली तर रिकामी टाकी बघून बोभाटा झाला असता. मग अध्यक्ष येऊ देत, न येऊ देत, तारीख पुढे जाऊ दे, नाहीतर खड्ड्यात जाऊ दे. विद्यार्थ्यांना सांगायचं का, हा प्रश्न तिला पडलाच नाही. रीलला सांगणं म्हणजे गावभर दवंडी पिटणं. शंकाला सांगितलं तर ती सरांनाच जाऊन विचारेल की असं चालतं का. आणि उशीरला सांगितलं तर तो पिल्लांची पिल्लं झाल्यावर पोचेल.

पहाटे तिने पिल्लं ओल्या पाल्यासकट डब्यात भरली, तळ्यावर नेली, बूट बुडवले आणि लव्हाळ्याच्या काठाला एकेक करून सोडली. ती गवतात शिरायची, थांबायची, आणि मग दिसेनाशी व्हायची. ताईला फार आनंद झाला. इतका, की तिला तिथेच बसून कुणाला तरी फोन करावासा वाटला. पण तिच्याकडे असा फोन करण्यासारखं कुणी नव्हतं, आणि त्याचं कारण, तिच्या मते, लोकांचा मूर्खपणा हे होतं.

आता समारंभाच्या पेटीत काय ठेवायचं? याचं उत्तर देताना ताईला गुदगुल्या झाल्या. विभागाच्या मागच्या अंगणात आगीसाठी पाणी साठवायचा हौद होता, आणि त्यात साधे बेडूक बक्कळ होते, कुठल्याही गटारात सापडतात तसे. त्यांची लहान पिल्लंही मातकट, तेवढ्याच आकाराची. पोट मात्र पांढरं. अध्यक्षांना बेडूक आणि बटाटा यातला फरक कळला तरी पुष्कळ. आणि सर? सर बघणारच नाहीत. बघितलं तरी त्यांना कळणार नाही, हे तिला मनापासून बघायचं होतं.

हौदातल्या बेडकांच्या अंगावर बुरशी होती. तपासणी तिनेच केली होती. त्यांना स्वतःला काही होत नाही, पण ते ती वाहतात. ताई काही वेडी नव्हती. समारंभ असा ठरला होता की अध्यक्ष काठावरच्या बारीक जाळीच्या बंद पिंजऱ्यात पिल्लं सोडतील आणि पिंजरा नंतर उघडला जाईल. पिंजरा पाण्यापासून दूर, कोरड्या जागी होता. पाहुणे गेले की ती हौदातले बेडूक उचलून परत हौदात टाकणार होती. म्हणजे तळ्याला धोका नाही, अध्यक्षांना फोटो, सरांना अध्यक्ष, आणि आपल्याला आयुष्यभर पुरेल एवढं हसू. तिने पेटी भरून लॅबच्या टेबलावर ठेवली, रीलला फोन करून सांगितलं की पेटी तयार आहे, गाडीतून घेऊन या, आणि ती पिंजरा बघायला पुन्हा तळ्यावर गेली.

समारंभ समारंभासारखाच होता. मांडव, खुर्च्या, फडकणारा फलक, आणि फलकावर चित्र होतं ते दुसऱ्याच खंडातल्या एका झगमगीत निळ्या बेडकाचं. औषधाचा टब पाहून अध्यक्षांनी आपल्या चामड्याच्या बुटांकडे पाहिलं आणि मग सरांकडे.

"असू दे, असू दे," सर म्हणाले. "आपण पाण्यापर्यंत जातच नाही आहोत."

विद्यार्थी पेटी घेऊन आले. उशीर चक्क वेळेच्या आधी आला होता. ताईने मनात म्हटलं, फुकटच्या नाश्त्याला हा बरोबर पोचतो. शंकाने येऊन पेटी टेबलावर ठेवली आणि ती काही न विचारता बाजूला उभी राहिली. ताईला बरं वाटलं. शेवटी हिला गिळायला जमलं एकदाचं. रीलचा फोन खिशात होता. चार्जिंग संपलं असणार, नाहीतर हा कसला गप्प बसतोय.

अध्यक्षांनी भाषणात बेडकाला सरपटणारा प्राणी म्हटलं. सरांनी मान डोलावली. मग सरांनी पेटीचं झाकण बोटभर उघडून आत डोकावलं. ताई सरांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"वा!" सर म्हणाले. "पाहा तरी, पोटाचा पिवळा रंग किती खुललाय!"

ताईला इतकं हसू आलं की तिला खोकल्याचं सोंग करावं लागलं. ज्यांच्या सहीसाठी आपण थंडीपासून वाट बघतोय ते हे. ज्यांच्या नावाने हे तळं जगात ओळखलं जातं ते हे. तिने शेजारी पाहिलं. रील रुमालाने डोळे पुसत होता. झालं, आता अश्रू. कॅमेरा त्याच्याकडे नाही हे कुणीतरी सांगा रे त्याला.

अध्यक्ष पेटी घेऊन पिंजऱ्याकडे निघाले. तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, जाळीमुळे फोटो मार खाईल. डायरेक्ट पाण्यात सोडलं तर? मागे तळं येईल, छान येईल."

"का नाही?" अध्यक्ष म्हणाले. "शेवटी जायचंय तिथेच."

"हो हो, तिथेच," सर म्हणाले.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. अध्यक्ष न बुडवलेल्या बुटांनी चिखलातून पाण्याकडे चालले होते. तिला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: थांबा, हे ते बेडूक नाहीत. वाक्य घशापर्यंत आलं. तिला सरांचं टेबल दिसलं, प्रबंधावरचं चहाचं वर्तुळ दिसलं, सगळ्या मांडवाचे डोळे आपल्याकडे वळलेले दिसले. आणि ज्या बाईने आयुष्यात कधी, कुणाला, कशाबद्दल ऐकवायचं सोडलं नव्हतं, तिचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं.

अध्यक्षांनी पेटी पालथी केली. ताईला दिसलं: पाल्याबरोबर मातकट अंगं, एक, दोन, बहुतेक तीन, टुणकन उडून पाण्यात गेली. मांडवात टाळ्या झाल्या. "किती चपळ!" अध्यक्ष म्हणाले.

पाहुण्यांची आणि सरांची गाडी वळणाआड होते न होते तोच ताई धावली. जाळं घेतलं आणि ती तशीच, समारंभासाठी घातलेल्या साध्या बुटांनी, गुडघाभर पाण्यात शिरली. पाला उपसत होती, टाकत होती, पुन्हा उपसत होती. विद्यार्थी धावत काठाशी आले.

"बघत काय बसलात? जाळी आणा!" तिचा आवाज फाटला. "हौदातले बेडूक गेलेत पाण्यात! बुरशीवाले! मी ठेवले होते पेटीत, मी! सगळं तळं मरेल, कळतंय का!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ताई," शंका म्हणाली, "पेटीत बेडूक नव्हते."

"अगं मी पाहिले ना उड्या मारताना! तीन होते!"

"नव्हते ताई. पेटीत फक्त पाला होता. ओला, पिवळा पाला." तिने उशीरकडे पाहिलं. "ह्याने घातला."

ताईच्या हातातलं जाळं तसंच राहिलं.

"झाकण उघडून बघितल्याशिवाय पेटी हलवायची नाही, असं तुम्हीच सांगितलंय," उशीर म्हणाला. "म्हणून बघितलं. पोटं पांढरी. एकही आपलं नाही. नकाशा नाही, बटण नाही. हौदातले आहेत हे लगेच कळलं. ते परत हौदात टाकले, पेटी औषधाने धुतली, पाला घातला. बाहेरचा जीव इथे आणायचा नाही ना."

"मग मला सांगायचं नाही?"

उशीर पायाने माती उकरायला लागला. शेवटी रील बोलला. "आम्ही टाकीपण बघितली. रिकामी. आम्हाला वाटलं, रात्रीत सगळी मेली. तुम्ही सरांना सांगू शकत नसाल, म्हणून हौदातली भरलीत. आम्ही ठरवलं, ताईंना उघडं पाडायचं नाही. कुणालाच सांगायचं नाही." त्याचा आवाज चिरकला. "मामांची टोपी कालपर्यंत चांगली खात होती हो."

म्हणजे तो रुमाल खरा होता. फोन खिशात होता, कारण चित्रण करावंसं वाटत नव्हतं. ताईला पाण्यात उभं राहून थंडी वाजायला लागली.

"विचारायचं तरी," ती म्हणाली. पण या वेळी तिचा आवाज आधीसारखा नव्हता.

"विचारणार होते," शंका म्हणाली. "दोनदा तोंडापर्यंत आलं. दोनदा गिळलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारायचं होतं, पण हे दुसऱ्या कुणाला विचारण्यासारखं नव्हतं."

ती टोमणा मारत नव्हती. सांगितलेलं जसंच्या तसं पाळलं होतं, एवढंच. सरांना पाल्यात पिवळी पोटं दिसली होती, अध्यक्षांना चपळाई दिसली होती, आणि ताईला, जिने सगळ्यांना आंधळे ठरवलं होतं, रिकाम्या पाल्यात तीन बेडूक दिसले होते. आणि दिसल्यावर ती गप्प बसली होती. तळं वाचलं होतं ते ज्यांची नावंसुद्धा तिने विचारली नव्हती त्या तिघांमुळे. ताईला स्वतःची लाज वाटली.

"मेली नाहीत," ती म्हणाली. "मी पहाटे सोडली. त्या लव्हाळ्यात."

उशीर मटकन चिखलात बसला. रील दोन्ही हातांत तोंड लपवून मोठ्याने हसायला लागला, की रडायला, ते सांगणं अवघड होतं. शंका मात्र लाल झाली.

"आम्ही सकाळपासून रडतोय ताई," ती म्हणाली. "महिनोन् महिने आम्ही वाढवली ती. एकदा सांगितलं असतंत तर आम्हीही आलो असतो ना पहाटे. हा उशीरसुद्धा आला असता."

"आलो असतो," चिखलातून उशीर म्हणाला.

ताई पाण्याबाहेर आली, अध्यक्षांनी तुडवलेल्या चिखलातून त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "चला. दाखवते."

तिघांनी टबाशी जाऊन एकेक करून बूट बुडवले. ताई तरातरा लव्हाळ्याकडे निघाली होती.

"ताई," शंकाने मागून हाक मारली. "बूट."

ताई थांबली. अध्यक्षांच्या बुटांनी तुडवलेली माती तिच्या बुटांना घोट्यापर्यंत चिकटली होती, आणि मघाशी याच बुटांनी, न बुडवता, ती पाण्यात शिरली होती. ती परत आली, टबात उभी राहिली आणि तळवे घासत राहिली. तिघं बाजूला थांबून तिची वाट बघत होती. कुणीही हसलं नाही. हसली असती तर तिला बरं वाटलं असतं.